गोल्फचा चेंडू स्वस्त कसा झाला? पिसे, चीक आणि एका मैत्रीचा अंत

१/ गोल्फ साहित्याच्या प्रदर्शनात शिरताच गर्दी दिसते ती सवलतीच्या टोपल्यांभोवती. डझनावारी चेंडू रचलेले असतात, लोक घासाघीस करीत असतात. मात्र हा चेंडू एकेकाळी इतका महाग होता, की त्याच्या किमतीत खुद्द राजाला लक्ष घालावे लागले. त्याची ही कथा. #थ्रेड

२/ १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली. तरुणांनी धनुर्विद्येचा सराव सोडून खेळात रमू नये, हा हेतू. पुढे १५०२ मध्ये राजा चौथा जेम्स याने पर्थ येथील एका धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडूनच गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या! राजाच्या खजिन्याच्या हिशेबात ही नोंद आहे.

३/ १६१८ साली सहाव्या जेम्सने चेंडू बनवण्याचा मक्ता जेम्स मेलव्हिल यास दिला. कारण आर्थिक होते. हॉलंडहून येणाऱ्या चेंडूंपायी देशाचे सोनेचांदी बाहेर जात होते. मक्ता देतानाच कमाल किंमतही ठरवून दिली : चार स्कॉटिश शिलिंग.

४/ त्यानंतर दीर्घकाळ राज्य केले ते पिसांच्या चेंडूने. ओल्या चामड्याची पिशवी शिवायची आणि बारीक छिद्रातून उकडलेली पिसे लोखंडी सळईने छातीचा जोर लावून ठासायची. वाळताना चामडे आकसते, पिसे फुगतात आणि चेंडू टणक होतो. कुशल कारागीर दिवसाकाठी जेमतेम तीन-चार चेंडू करी. पिसांची धूळ त्याच्या फुप्फुसांत जाई, ती वेगळीच. साहजिकच हा खेळ श्रीमंतांचा राहिला.

५/ सेंट अँड्र्यूज येथील अॅलन रॉबर्टसन हा या कलेतला अग्रणी. १८४४ साली त्याच्या कार्यशाळेतून २,४५६ चेंडू बाहेर पडले. त्याचा शागीर्द होता टॉम मॉरिस.

६/ याच सुमारास मलाया द्वीपसमूहातून ‘गटापर्चा’ हा झाडाचा चीक ब्रिटनमध्ये आला. गरम पाण्यात तो मऊ होतो, थंड होताच घट्ट. विष्णूच्या मूर्तीसोबत तिच्या वेष्टणातून तो सेंट अँड्र्यूजला पोहोचला आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला, अशी आख्यायिका आहे. मूर्तीची गोष्ट खरी असो वा नसो, चेंडूने मात्र क्रांती केली. पिसांचा चेंडू अडीच शिलिंग वा अधिक, हा सुमारे एका शिलिंगात. आणि फुटला तर वितळवून पुन्हा घडवता येई.

७/ रॉबर्टसनला त्यात आपल्या धंद्याचा अंत दिसला. हा चेंडू वापरणार नाही, असे वचन त्याने आपल्या माणसांकडून घेतले. एके दिवशी मॉरिस त्याच चेंडूने खेळताना दिसला. दोघांत बिनसले, १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला निघून गेला. तिथेच १८६० साली पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली. गंमत म्हणजे पुढे रॉबर्टसननेही गटापर्चाचेच चेंडू बनवले.

८/ नव्या चेंडूत एक खोट होती : गुळगुळीत असताना तो हवेत डुले, ओरखडे पडले की सरळ जाई. खेळाडूंच्या हे ध्यानी आले आणि कारागीर त्यावर मुद्दाम खाचा पाडू लागले. आजच्या चेंडूवरील खळग्यांचे मूळ या निरीक्षणात आहे.

९/ १८९८ साली अमेरिकेच्या कोबर्न हॅस्केलने रबरी धाग्याच्या गुंडाळीचा चेंडू योजला. १९०२ मध्ये सँडी हर्डने त्याच्या बळावर ‘ओपन’ जिंकली आणि गटापर्चाचेही युग सरले.

१०/ स्वस्ताईने खेळाची दारे उघडली, हे निर्विवाद. पण तिची किंमत कुणीतरी चुकवलीच. पिसे ठासणाऱ्यांचा हुन्नर गेला. गटापर्चासाठी, आणि त्याहून कितीतरी अधिक समुद्राखालच्या तारांच्या वेष्टणासाठी, आग्नेय आशियातील झाडे सरसकट तोडली गेली. सवलतीच्या टोपलीतला चेंडू हाती घ्याल, तेव्हा त्यावरील खळग्यांवरून एकदा बोट फिरवा. तो इतिहास तिथेच आहे.