एक टेकू पाहिजे होता जी

चप्पल काढा. मोबाइल आणि पाकीट इथंच ठेवा, दोन्हीचा काही उपयोग नाही. आपण पोंभुर्ण्याला निघालोय, पण साल आहे 1860 च्या आसपासचं. आगगाडी अजून वरोऱ्यालाही पोचलेली नाही.

चैत्र आहे. पाय टेकताच तळवे भाजतात आणि नाकात मोहफुलांचा आंबूस-गोड वास शिरतो. अंगणाअंगणात फुलं वाळत घातलीत, तुडवू नका, बोलणी खाल. तुम्हाला हवाय भांड्यांच्या फळीखाली लावायला नक्षीदार लोखंडी टेकू, घरी कॅटलॉगात बघितला होता तसला. मग ठणठण ऐकू येतंय तिकडं चला.

गवतानं शाकारलेला मांडव, खाली ऐरण, आणि भोवती अर्धं गाव. फाळ पाजवायला आलेले शेतकरी, बिनदांड्याच्या कुऱ्हाडी, घाम, तंबाखू, कुणाची तरी ओरडणारी बकरी. तुमच्या पाठीत कोपर लागतं. तुम्ही पुढं सरकून टेकू मागता. घण थांबतो.

‘‘फळीले लोखंड? कायले जी? सागाचा खुंटा ठोका न!’’

सगळा मांडव हसतो. हसू द्या, लोहाराचंच खरं आहे. हे लोखंड लोहाऱ्याच्या टेकडीतल्या दगडाचं. मातीच्या भट्टीत, ढीगभर लाकडी कोळसा जाळून दगडातून काढलेला गोळा; तो ठोकून ठोकून मळ झाडायचा, तेव्हा कुठं हाताएवढी पट्टी हाती येते. बैलाच्या पाठीवरून इथवर आलेल्या त्या पट्टीतून आधी फाळ होतो, कुऱ्हाड होते. झिजलेल्या कुऱ्हाडीचा विळा, विळ्याच्या तुकड्यांचे खिळे. त्यातून शोभेचा टेकू म्हणजे माजच.

तरी तो मान हलवतो. अट एकच, भाता तुम्ही ओढायचा.

ओढा. कातडी भाता फुसफुसतो, पहिल्या झटक्याला राखच तुमच्या तोंडावर उडते. नेटानं, एका लयीत! निखारे लालाचे पिवळे होतात, भुवया करपल्यासारख्या वाटतात, तळहाताला फोड येतो. सांडशीत धरलेली पट्टी बाहेर येते आणि उजेडच बाहेर आल्यासारखं वाटतं. लोहाराची छोटी हातोडी जागा दाखवते, समोरचा पोरगा तिथंच घण घालतो. टिक-ठण, टिक-ठण. एक ठिणगी तुमच्या अनवाणी पायावर पडते. कुणाचंही लक्ष नाही.

आता नीट बघा. टोक निमुळतं होत जातं, मग ऐरणीच्या कडेवर वळत, गुंडाळत जातं. नक्षी? छे. धारदार टोक राहिलं तर येताजाता लुगडं फाटेल, म्हणून ते आत वळवलेलं. पट्टीला पीळ मात्र तो हौसेनं देतो, आणि तोही लाल असतानाच. गार झाल्यावर पिळली तर मळ राहिलेल्या रेषेवर उभी चिरते. भोक पाडायला सुंबा, त्यावर एकच घाव. भिंत मातीची, म्हणून हा टेकू सागाच्या खांबावर बसणार आणि खिळेही इथंच घडणार.

शेवटी गरम लोखंडावर जवसाच्या तेलाची चिंधी फिरते. चर्रर्र! डोळ्यांत झोंबणारा धूर, तळणीत तेल जळावं तसा वास, आणि करडी पट्टी बघता बघता काळीभोर होते. हात लावू नका. लावलात ना?

किंमत धानात. तुमच्याकडं धान नाही, पण भाता बरा ओढलात म्हणून तो टेकू पुढं करतो. तुम्ही भीत भीत म्हणता, फळीला दोन लागतात.

मागचा म्हातारा तेवढ्यात आपला फाळ ऐरणीवर आपटतो. लोहार तुमच्याकडं न बघताच सांगतो, ‘‘पेरण्या झाल्यावर या जी.’’