दोन टिंबांची वाट

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हाधिकारी कार्यालयात 1980च्या दशकात तिथले जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तराला शिस्त लावली. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे झाले, जुनं दप्तर अ, ब, क, ड अशा मुदतीच्या वर्गांनुसार लागलं. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव पुढे राज्यभरातल्या कचेऱ्यांत पोचलं.

असं दप्तर सांभाळणाऱ्या अभिलेख कक्षाचा एक जुना दंडक आहे. नकल हवी असलेला माणूस खिडकीवर अर्ज देतो, आत जाऊन गठ्ठा सोडतो तो अभिलेखपाल. काय हवं ते अर्जदार सांगतो, कुठं जायचं आणि द्यायचं की नाही हे अभिलेखपाल ठरवतो. अनेकांच्या फायली एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधली ‘पाथ ट्रॅव्हर्सल’ नावाची खोट, म्हणजे आतली वाट मागणाऱ्यानंच ठरवणं, हा दंडक मोडल्यामुळं जन्माला येते.

तिचं मूळ साठच्या दशकात सापडतं. 1965 साली डेली आणि न्यूमन यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी फोल्डरात फोल्डर अशी रचना मांडली. बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्समध्ये ती रुजवली. त्यांच्या 1974च्या लेखात प्रत्येक डिरेक्टरीतल्या, म्हणजे फोल्डरातल्या, दोन कायमच्या नोंदींचं वर्णन आहे: एक टिंब म्हणजे ही डिरेक्टरी, दोन टिंबं म्हणजे हिच्या वरची. फाइलच्या पत्त्यात दोन टिंबं आणि तिरकी रेघ पुन्हा पुन्हा लिहीत गेलं की माणूस थेट मुळाशी पोचतो. यात तेव्हा धोका नव्हता. एकाच यंत्रावर अनेकजण काम करत, पण प्रत्येकाचं स्वतंत्र खातं होतं आणि फाइल उघडताना मागणारा कोण हे खुद्द प्रणाली तपासत असे.

मधे दुसरा प्रोग्राम आला की ही तपासणी फसते. नॉर्म हार्डी यांनी 1988च्या लेखात टाइमशेअर कंपनीतला प्रसंग नोंदवला आहे. तिथल्या एका प्रोग्रामला स्वतःच्या डिरेक्टरीत लिहायचा अधिकार होता, आणि ग्राहकांच्या बिलांची फाइलही तिथंच होती. एका ग्राहकानं ‘माझा मजकूर इथं लिही’ म्हणून त्याच फाइलचं नाव दिलं. प्रोग्रामनं ग्राहकाच्या शब्दावर, पण स्वतःच्या अधिकारानं, बिलांवर लिहून टाकलं.

आजच्या सामायिक साठवणुकीत हीच स्थिती सर्रास असते. हजारो सभासदांच्या फायली सर्व्हरवर बहुधा एकाच खात्याच्या मालकीच्या असतात. प्रणालीला मागणारा दिसतो तो फक्त सर्व्हर. एका सभासदाचं फोल्डर आणि दुसऱ्याचं फोल्डर यांच्यामधली भिंत सॉफ्टवेअरच्या दोन-चार ओळींत असते, आणि त्या ओळी अनेकदा नुसती अक्षरं जुळवून पाहतात. ‘राम’च्या फोल्डराची तपासणी नावाच्या सुरुवातीपुरती केली, तर ‘रामदास’चं फोल्डरही त्यातून सुटतं.

पुढचा इतिहास या भिंतीला पडलेल्या भगदाडांचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस वेब सर्व्हरमध्ये 2000 साली दिसलं की आलेलं नाव आधी तपासलं जातं आणि त्यातली सांकेतिक अक्षरं नंतर उलगडली जातात. तिरकी रेघ वेगळ्या संकेतात लिहिली की ती पहारा ओलांडत असे. सप्टेंबर 2001मध्ये निमडा हा वर्म पसरला, त्याच्या वाटांपैकी ही एक होती. 2010 साली सांबा या फाइल सर्व्हरमध्ये नाव निर्दोष, पण त्यामागची लिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद, फोल्डराबाहेर नेणारी, असा प्रकार उघड झाला. 2018 साली ‘झिप स्लिप’ नावाच्या त्रुटीनं दाखवलं की दोन टिंबं झिप फाइलच्या आतल्या नावांतही दडून येतात. ऑक्टोबर 2021मध्ये अपाची वेब सर्व्हरच्या 2.4.49 आवृत्तीत सांकेतिक टिंबाची तीच चूक परतल्याचं उघड झालं. 2.4.50मधली दुरुस्ती अपुरी ठरली आणि काही दिवसांत 2.4.51 काढावी लागली. एकवीस वर्षांत चूक जवळपास जशीच्या तशी राहिली.

उपाय मात्र ठाऊक आहेत. नावातली टिंबं गाळत बसण्याऐवजी आधी पत्ता पूर्ण उलगडावा, लिंकसकट, आणि मग तो ठरलेल्या फोल्डरातच आहे का ते पाहावं. 2020च्या लिनक्स 5.6मध्ये हे काम प्रणालीवर सोपवायची सोय आली: ‘या डिरेक्टरीबाहेर जाऊ नकोस’ असं फाइल उघडतानाच सांगता येतं. सगळ्यांत भक्कम रीत अभिलेखपालाची आहे. वापरकर्त्याकडून फक्त नोंद क्रमांक घ्यावा, तो कोणाच्या हक्काचा हे दर वेळी पाहावं, आणि फाइल कुठं ठेवली आहे हे सर्व्हरनं आपल्यापाशी ठेवावं.

जिल्ह्यातल्या पतसंस्था, महाविद्यालयं, साखर कारखाने, नगरपालिका आता लोकांची कागदपत्रं संगणकात ठेवतात. सॉफ्टवेअर ताब्यात घेण्याआधी त्यांनी पुरवठादाराला चाचणीची दोन खाती उघडायला लावावीत आणि आपल्यासमोर एका खात्यातून दुसऱ्याची फाइल मागून दाखवायला सांगावं: दोन टिंबांनी, सांकेतिक अक्षरांनी, लिंक ठेवून, झिप चढवून. यातल्या एका जरी वाटेनं फाइल हाती आली, तर ते सॉफ्टवेअर स्वीकारू नये.