रुक्मिणीच्या माहेरच्या वाचक

मुलीचं लग्न लांबलं की तिला 'रुक्मिणी स्वयंवरा'चं पारायण करायला सांगायचं, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. वऱ्हाडाला तर या पोथीचं विशेष अगत्य, कारण रुक्मिणी इथलीच लेक. वर्धेकाठचं कौंडिण्यपूर हे तिचं माहेर आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं तिला नेलं, अशी श्रद्धा.

एकनाथांनी ही पोथी १५७१ साली काशीत पुरी केली. तिचे अठरा प्रसंग. वाचणारी मुलगी बसते ती चांगलं स्थळ यावं म्हणून, पण पोथीत तिला भेटते एक भलतीच धीट मुलगी. भावानं शिशुपालाशी लग्न ठरवलेलं असताना ही रुक्मिणी सुदेव ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र धाडते. त्या पत्राचं मूळ भागवताच्या दशम स्कंधात आहे, अवघ्या सात श्लोकांचं. तुझे गुण ऐकले आणि मन लाज सोडून तुझ्यात गुंतलं, असं ती आधी सांगते. मग थेट बेत मांडते: लग्नाच्या आदल्या दिवशी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जायची आमच्या कुळाची चाल आहे, तिथून मला ने, म्हणजे वाड्यात शिरून माझ्या माणसांवर हत्यार उगारायची वेळ येणार नाही. इच्छा आणि तिच्यामागचं डोकं, दोन्ही तिचंच. घरातली मोठी माणसं ज्या पोथीला हात जोडत, त्याच पोथीत हे सगळं लिहिलेलं होतं. 'मला हा हवा' असं मोठ्यानं वाचायची सोय पोरींना दुसऱ्या कुठल्या पुस्तकानं दिली असती?

एकनाथांच्याही जवळपास तीनशे वर्षं आधी रिद्धपूरला महदाईसेनं हीच कथा 'धवळ्यां'त गायली होती. मराठीची ही आद्य कवयित्री बालविधवा होती. जिच्या वाट्याला संसार आला नाही, तिनं रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचली, याचं मोल फार मोठं आहे.

छापखाने आले, तशी पोथीशेजारी कादंबरी येऊन बसली. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. आपल्या लग्नाच्या रीतीमुळे हिंदूंच्या आयुष्यात रंगवून सांगावं असं काही घडतच नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं, अशा आशयाची कबुली रिसबुडांनी प्रस्तावनेत दिली आहे. न बघता, न विचारता लावलेल्या लग्नांत प्रेमकथा शोधायची तरी कुठे?

या पुस्तकांना एक कडक वाचक मिळाली, तीही वऱ्हाडातच, बुलढाण्यात. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांवर तोंडसुख घेतलं आणि ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून जबाब दिला. बायको मेली की पुरुष लगेच दुसरी आणतो, मग नवरा मेलेल्या बाईनंच जन्मभर मन मारून का राहायचं, हा त्यांचा सवाल. त्या ओघात त्यांनी 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांनाही धारेवर धरलं: पुस्तकातल्या बाईचा आणि घरातल्या बाईचा मेळ कुठे बसतो? प्रेमकथा वाचून आपल्या आयुष्याकडे नव्यानं बघणं, ते हेच. ताराबाईंचं पुस्तक पुढे विस्मरणात गेलं. १९७५मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

विसाव्या शतकात ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांनी घराघरांत प्रेम पोचवलं. १९३३मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं आणि शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातली ओढ विभावरी शिरूरकरांनी बाईच्या बाजूनं मांडली. हे टोपणनाव होतं. खरं नाव लपवावं लागलं, यावरून विषय किती जोखमीचा होता ते कळतं. वाशीमच्या कादंबरीकार गीता साने त्याच दशकात वऱ्हाडातून पुढे आल्या. शरीरसुखावर बाईचाही हक्क आहे, हे र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात लिहीत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिल्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, तरी दंड चुकला नाही.

अशा वाचनानं खरंच काही होतं का? अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी एका गावातल्या प्रणयकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४मध्ये पुस्तक लिहिलं. वाचत असतो तेवढा वेळ आपला असतो, तेव्हा कुणाचं काही करायचं नसतं, असं त्या बायका सांगत होत्या. दिवसभर दुसऱ्यांचं करताना आपल्याला काय हवं हेच बाई विसरते, आणि इच्छेला आधी हा मोकळा वेळ लागतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॉरी मिंट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात आणखी एक छोटा अभ्यास केला. कामेच्छा कमी झालेल्या काही बायकांना मार्गदर्शनाचं पुस्तक दिलं, काहींना शृंगारकथा. दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला. अभ्यासातल्या बायका मोजक्याच होत्या, तेव्हा त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण शृंगारकथेला उपदेशाच्या पुस्तकाइतकंच काम करता आलं, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

आता कथा मोबाइलवर आल्या आहेत. २०१४मध्ये सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'वर मराठी प्रेमकथा भागाभागानं येतात आणि लिहिणाऱ्यांत गृहिणीही आहेत. फोनला मुखपृष्ठ नसतं, त्यामुळे बाई काय वाचते ते शेजारी बसलेल्याला कळत नाही. यातल्या कितीतरी कथा ठरवून झालेल्या लग्नापासून सुरू होतात: नवरा-बायको अनोळखी, मग हळूहळू तिला काय आवडतं हे त्याला उमगत जातं. रिसबुडांना ज्या घरात प्रेमकथा सापडली नव्हती, त्याच घरात आजच्या लेखिका ती शोधत आहेत.