छातीत धडधड आणि कॅथेटर अ‍ॅब्लेशन: ईसीजीचा कागद का जपायचा?

बसल्या जागी छातीत धडधड सुरू होते, नाडी मिनिटाला १८० पर्यंत जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं आपोआप शांत होतं. अष्टमीत कुणाला असं झालं, तर कुंडलिकेपलीकडे रोह्यात ईसीजी निघतो. कॅथेटर अ‍ॅब्लेशनसाठी मात्र मुंबई, नवी मुंबई किंवा पुणं गाठावं लागतं. परळच्या केईएममध्येही हे उपचार होतात.

अडचण अशी, की तिथे पोहोचेपर्यंत ठोके नॉर्मल झालेले असतात आणि ईसीजीही. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. तो कागद पुढे पुसट होतो, त्यामुळे मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. उपचार कोणता, हे बऱ्याचदा त्या एका कागदावर ठरतं.

कारण बिघाड एकाच प्रकारचा नसतो. काहींच्या हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट असते. वीज तिथून गोल फिरू लागली की ठोके पळतात. हा एसव्हीटीचा एक प्रकार. यात जांघेतल्या शिरेतून बारीक तारा, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत नेतात, ती वाट शोधतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने तेवढीच जागा निकामी करतात. छाती उघडावी लागत नाही. शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांचा त्रास कायमचा थांबतो.

एट्रियल फिब्रिलेशन जास्त चिवट. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात. फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांमधून ही खोडी सुरू होते, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. तेव्हापासून त्या शिरांच्या तोंडाभोवती डाग देऊन वीज अडवतात. तरी काहींना पुन्हा अ‍ॅब्लेशन लागतं. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले रुग्णही बरेच. त्यांच्या झडपेचा विचार आधी. यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून ठोके सुधारले तरी रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये.

धोके कमी, पण आहेत: जांघेत रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणं, क्वचित पेसमेकर लागणं. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

धडधडीसोबत चक्कर, छातीत दुखणं किंवा दम लागणं असेल, तर थेट १०८.