लेणी, धावपट्टी आणि शेंद्रा

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने शेंद्र्याकडे निघाले की वाटेत चिकलठाण्याचे विमानतळ लागते. तेथे उतरणारा एखादा प्रवासी अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहावयास आलेला असतो, तर दुसरा शेंद्र्याच्या कारखान्यात यंत्र बसवावयास. धावपट्टी दोघांची एकच. पर्यटनाच्या वाढीने राष्ट्राची उत्पादकता वाढते काय, या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस हा रस्ता नेहमी आठवतो.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने वाघूर नदीच्या दरीतील लेणी पाहिली आणि बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता कळली. (आसपासच्या गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच, हे सांगण्याचे इतिहासकारांच्या बहुधा राहून जाते.) पुढे निजामाच्या राजवटीत गुलाम याझदानी यांच्या पुराणवस्तू खात्याने त्यांची निगा राखली. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा ठरली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु रस्ता, पाणी आणि विमान या गरजा दोहोंच्याही होत्या. १९९२ मध्ये जपानच्या कर्जातून लेण्यांच्या जतनाची योजना आखली गेली, तिच्यात विमानतळ, रस्ते व वनीकरण यांचाही समावेश होता. २००३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. दरम्यान, २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली होती.

लेण्यांमुळे कारखाने आले, असे आम्ही म्हणणार नाही. ते जमीन, सवलती आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्यामुळे आले. मात्र पाहुण्यासाठी बांधलेला रस्ता मालमोटारीलाही उपयोगी पडतो, आणि पर्यटनाचा उत्पादकतेवरील खरा परिणाम आम्हांस येथेच दिसतो. परदेशी पाहुणा आपले चलन येथे ठेवून जातो, ही निर्यातच होय. फरक इतकाच की माल जागेवर राहतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे येते.

खुद्द पर्यटनाच्या कामात मात्र उत्पादकतेला एक विचित्र मर्यादा आहे. कारखान्यात नवे यंत्र आले की त्याच कामगाराच्या हातून दिवसाकाठी दुप्पट नग निघू शकतात. लेण्यातील वाटाड्याला पद्मपाणीपुढे दुप्पट वेगाने बोलता येत नाही, आणि बोललाच तर ऐकणाऱ्याच्या पदरात निम्मेच पडते. माणसांची गर्दी वाढवावी, तर त्यांच्या श्वासातील बाष्पानेच चित्रांची हानी होते. येथे उत्पादन वाढवणे म्हणजे भांडवल खाणे! म्हणून पाहुण्यांच्या संख्येपेक्षा त्यांचा मुक्काम किती वाढला, हे मोजावयास हवे. सकाळी अजिंठा, दुसऱ्या दिवशी वेरूळ आणि संध्याकाळी परतीचे विमान, एवढ्यात हिमरू विणणाऱ्याच्या वाट्याला काय येणार?

शिवाय हे उत्पन्न नाजूक असते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लेणी बंद झाली, ती डिसेंबरपर्यंत. कारखान्यांची चाके त्याआधीच फिरू लागली होती. विकली न गेलेली मोटार गोदामात थांबते. हॉटेलातील रिकामी गेलेली रात्र कोणालाच पुन्हा विकता येत नाही.

आणि कार्यकारणाची दिशा उलटीही असते. शेंद्र्यातील कामगाराच्या हाती पगार पडला की सुटीच्या दिवशी तोही मुलाबाळांना घेऊन वेरूळला जातो. परतताना दौलताबादजवळ सीताफळांची टोपली घेऊन बसलेल्या बाईकडे घासाघीस करतो, आणि बहुधा तिने सांगितलेल्या भावालाच सीताफळे घेतो.