अक्षर सर्वांचे, हात एकाचा

दरवर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर दूरदूरहून माणसे येतात. त्या सुमारास गावातील रस्ते फ्लेक्सच्या फलकांनी भरून जातात. हे फलक वाचत चालणे हा माझा जुना छंद. अलीकडे मात्र मजकुरापेक्षा अक्षरांकडेच लक्ष जाते. सगळे फलक एकाच हाताने लिहिल्यासारखे दिसतात, आणि तो हात कुणाचाच नसतो.

मागे एकदा या दिवसासाठी आमच्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थ्याने भित्तिपत्रक करायला घेतले होते. मुलाचा हात चांगला. अक्षर जाड, किंचित मागे झुकणारे, शिरोरेघ मध्येच तुटलेली. तीन दिवस खपून त्याने मथळे रंगवले आणि चौथ्या दिवशी ते गुंडाळून ठेवून सगळे संगणकावरून छापून आणले. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "सर, हाताचं गावठी दिसतं. आणि ते माझं आहे की कुणाची नक्कल, हेच मला कळत नाही."

या दुसऱ्या वाक्याशी मी थबकलो. शैलीविषयी वर्गात आम्ही तासन् तास बोलतो. पण शैली सापडली आहे हे स्वतः लिहिणाऱ्याने कशावरून ओळखावे, याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. मी त्याला र. कृ. जोशींविषयी सांगू लागलो, कारण त्याने छापून आणलेला मजकूर 'मंगल' या फाँटमध्ये होता. म्हणजे 'कुणाचाच नाही' असे समजून त्याने ज्याचा आश्रय घेतला, ते अक्षर जोशींचे होते.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी आणि सुलेखनकार. 'उल्का' या जाहिरातसंस्थेत त्यांनी अनेक वर्षे कलादिग्दर्शन केले. १९८३पासून पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवले. अक्षरांच्या आकारातूनच अर्थ घडवणारी दृश्यकविता मराठीत ज्यांनी गंभीरपणे हाताळली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. त्यांचे सुलेखन पाहिलेल्याला ते पुन्हा ओळखण्यासाठी सही शोधावी लागत नाही. असा माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात संगणकाच्या पडद्यासाठी देवनागरी रचायला बसतो, आणि विंडोज २०००बरोबर घरोघर पोचलेल्या 'मंगल'मध्ये आपल्या हाताची एकही लकब ठेवत नाही. बोरूचा झोत नाही, शाईचा ओघळ नाही. लहान आकारात, पडद्यावरील मोजक्या ठिपक्यांत, जोडाक्षर न मोडता वाचता यावे एवढेच त्या अक्षराचे काम.

ज्यांनी आधीचे दिवस पाहिले आहेत त्यांना याचे मोल कळेल. एका संगणकावर टंकलेला मराठी लेख दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. प्रत्येक फाँट म्हणजे आपापला आड होता. युनिकोडने आणि 'मंगल'सारख्या अक्षरांनी हा सार्वजनिक पाणवठा खुला केला. (चवदार तळ्याच्या गावात ही उपमा जपून वापरावी हे मी जाणतो. १९२३चा बोले ठराव आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव कागदावर असूनही त्या पाण्याला ओंजळ लावायला १९२७ उजाडावे लागले. फाँटला असली किंमत मोजावी लागत नाही.)

मुद्रणाच्या इतिहासात हे नवे नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप पिढ्यान् पिढ्या मराठी डोळ्यांत बसले. ते कोरणाऱ्या राणोजी रावजी आरूंचे नाव किती मराठी प्राध्यापकांना सांगता येईल? मलाही उशिराच कळले.

आणि महाडचेच घ्या. पहिल्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. त्या काळच्या कोणत्याही पत्राप्रमाणे तोही खिळे जुळवूनच छापलेला, शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या. 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकाराम होता. वारकरी परंपरेचा ठेवा तोच, खिळेही इतरांसारखेच. आणि तरीही त्यातील कोणताही अग्रलेख उघडला की तो आंबेडकरांचा आहे हे दोन वाक्यांत समजते. रकानेच्या रकाने ते एकटे लिहीत. शैली खिळ्यात नव्हती.

मग ती केवळ मजकुरात असते, असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण समोर कमल शेडगे उभे राहतात. 'महाराष्ट्र टाइम्स'चे शीर्षाक्षर आणि शेकडो नाटकांची शीर्षके करणारे शेडगे (निधन २०२०) प्रत्येक नाटकाला वेगळे अक्षर देत. दोन शीर्षके शेजारी ठेवली तर वळणाचे साम्य सापडणार नाही. पण नाव वाचण्याआधीच नाटकाची जात कळावी, हा हट्ट दोन्हींत एकच. मला वाटते, जोशी आणि शेडगे या दोघांचाही आपल्या हातावर इतका भरवसा होता की तो प्रत्येक ठिकाणी दाखवण्याची त्यांना गरज उरली नव्हती. लकब जपत बसतो तो बहुधा अजून साशंक असतो. पण हात मागे घ्यायचा तर आधी तो असावा लागतो, आणि आमच्या विद्यार्थ्याने तो असण्याआधीच मागे घेतला होता. नकलेची भीती खरी असली तरी तिला मी फार मान देणार नाही. जुन्या पोथ्यांचे लेखक नक्कल करूनच शिकत, आणि तरी दोन लेखकांच्या पोथ्या जाणकाराला वेगळ्या ओळखू येतात.

हे सगळे मी त्याला इतक्या सुसूत्रपणे अर्थातच सांगितले नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे मजकूर 'मंगल'मध्ये राहू दे, सर. मथळा बघतो."

२० मार्चच्या सकाळी भित्तिपत्रक लागले. मजकूर छापील, मथळा हाताचा. 'तळे'मधला 'ळ' त्याने दोनदा गिरवला होता. खालच्या बाजूला काळा रंग थोडा पसरला होता, तो त्याने पुसला नव्हता.