तुमचं बाळ ‘गिफ्टेड’ आहे का? सुरुवातीच्या खुणा कोणत्या आणि गैरसमज कोणते?

दोन वर्षांची चिमुकली देशांच्या राजधान्या धडाधड सांगते. व्हिडिओ व्हायरल होतो, ‘पोरगी जीनियस आहे’ अशा कमेंट्सचा पाऊस पडतो. तोच व्हिडिओ बघून दुसऱ्या एखाद्या घरात काळजी सुरू होते, ‘आपलं बाळ मागे तर पडलं नाही ना?’ खरं तर दोन्ही घरं निष्कर्ष काढायची घाई करत असतात. ती का, ते समजून घेऊ.

गिफ्टेड म्हणजे नेमकं काय?

बुद्धिमापन चाचणीत सरासरी बुद्ध्यांक 100 धरला जातो. 130 किंवा त्याहून जास्त बुद्ध्यांक असलेल्या मुलांना साधारणपणे गिफ्टेड, म्हणजेच प्रज्ञावान म्हटलं जातं. 100 मुलांमागे अशी साधारण 2 मुलं असतात. संगीत, चित्रकला यांसारखी देणगी मात्र या आकड्यात मोजली जात नाही.

शिवाय बाळ जितकं लहान, तितका हा आकडा कमी भरवशाचा. प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणासाठी आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. तिथल्या प्रशालेची प्रवेश चाचणीही पाचवीच्या प्रवेशासाठी असते, म्हणजे मूल साधारण दहा वर्षांचं झाल्यावर.

कोणत्या खुणा दिसू शकतात?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1979 मध्ये एक वर्षाच्या 130 बाळांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यातल्या ज्या मुलांचा बुद्ध्यांक आठव्या वर्षी 130 किंवा त्याहून जास्त निघाला, ती सरासरीने अगदी लहानपणापासूनच पुढे होती, विशेषतः भाषा समजण्यात. अशा मुलांमध्ये साधारणपणे पुढच्या गोष्टी दिसतात:

• लक्ष: एखादी वस्तू उलटीसुलटी करून बराच वेळ न्याहाळणं. सवयीच्या गोष्टीचा लवकर कंटाळा येणं आणि नव्याकडे ओढ असणं.

• भाषा: बहुतेक बाळं वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतात आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडतात. काही मुलं त्याच्या बरीच आधी पूर्ण वाक्यं बोलतात, ‘कारण’, ‘पण’ असे शब्द नेमके वापरतात.

• स्मरणशक्ती: एकदाच गेलेला रस्ता ओळखणं, गोष्ट सांगताना आजीने गाळलेला भाग लगेच पकडणं.

• कुतूहल: उत्तर मिळालं की त्या उत्तरावरच पुढचा प्रश्न विचारणं.

यातली एखादीच गोष्ट दिसली तर त्यावरून काहीच ठरत नाही. अनेक खुणा, अनेक महिने, घरी आणि बाहेरही दिसत असतील, तरच त्यांना अर्थ आहे.

मग राजधान्या पाठ असणं?

पाठांतर म्हणजे समज नव्हे. 1 ते 20 अंक म्हणणाऱ्या मुलाला ‘मला तीन चमचे दे’ असं सांगून बघा. मोजून बरोबर तीनच देणं बहुतेक मुलांना तीन ते चार वर्षांच्या दरम्यान जमू लागतं. अंक म्हणता येणं आणि संख्या कळणं यातला फरक इथे दिसतो.

लवकर चालण्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार निरोगी बाळं साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागतात. या अभ्यासात भारतातली बाळंही होती. नवव्या महिन्यात चाललेलं बाळ पंधराव्या महिन्यात चाललेल्या बाळापेक्षा हुशार असतं, असं नाही.

लेबल लावण्याचा धोका काय?

काही मुलं दोन-तीन वर्षांची असतानाच अक्षरं, पाट्या वाचतात, पण वाचलेलं त्यांना कळत नाही. याला ‘हायपरलेक्सिया’ म्हणतात आणि अनेकदा ते ऑटिझमसोबत दिसतं. ‘आमचं मूल जीनियसच’ म्हणून हाकेला ओ न देणं, नजरेला नजर न देणं याकडे दुर्लक्ष झालं, तर मदत मिळायला उशीर होतो.

उलट चूकही होते. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये सुरू केलेल्या प्रसिद्ध अभ्यासासाठी विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या मुलांची चाचणी झाली, पण दोघांचीही निवड झाली नाही. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पालकांनी काय करावं?

• बाळाशी भरपूर बोला आणि त्याच्या बडबडीला उत्तर द्या. पातेली, वाळू, पाणी यांच्याशी खेळू द्या.

• दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. व्हिडिओ कॉल तेवढा अपवाद.

• पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ असा आग्रह नको. ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा त्याने काय केलं त्याचं कौतुक करा.

• बोलणं, ऐकणं किंवा वागणं याबद्दल शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशी तपासणी मोफत होते.

बाळ प्रज्ञावान आहे की नाही, हे कळायला पुढे अनेक वर्षं आहेत. पण त्याला नीट ऐकू येतं का, हाक मारल्यावर ते वळून बघतं का, हे मात्र आजच बघायला हवं.